जंतांचे औषध दिले, गोगलगायींचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पिके फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. पाटचारीतल्या गोगलगायी पीक खात नाहीत, म्हणून त्यांची दखल कोणी घेत नाही. पांझरा आणि कान या नद्यांच्या काठाने म्हशी पाळणाऱ्यांना मात्र त्या महागात पडतात. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाणी भरून सूज लोंबते. हे चपट्या कृमींचे काम. आणि मधे गोगलगाय नसेल तर त्या कृमींचे चक्र पुढे सरकतच नाही.

शेणातली अंडी पाण्यात पडून फुटतात. निघालेल्या अळीला साधारण दिवसभरात योग्य जातीची गोगलगाय मिळाली नाही, तर ती मरते. मिळाली, तर तिच्या अंगात एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. जनावराला घोरायला लावणारे नाकातले कृमी तर पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीतूनच शिरतात. मग जंतनाशक शिबिरात औषध पाजलेली म्हैस त्याच डबक्यावर सोडायची, यात औषध तरी काय करणार?

फवारणीतून उरलेला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, पाण्यात ओतणारेही आहेत. गोगलगायी मरतात खऱ्या, पण मासेही मरतात. शिवाय आपल्याकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप त्याच पाण्यावर येतात आणि मेंढीला तांबे फार लवकर बाधते. हा उद्योग कोणी परस्पर करू नये.

त्यापेक्षा पांझरेच्या फड पद्धतीतली, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वापरण्याच्या जुन्या पद्धतीतली, रीत बरी: लाभधारकांनी मिळून पाट साफ करायचा. पाणवनस्पती काढल्या, गळती बुजवली आणि उन्हाळ्यात चारी कोरडी पडू दिली, की गोगलगायींचा आसरा जातो. काही चिखलात दडून तग धरतात, त्यांच्यासाठी बदके आहेतच. पिण्यासाठी उंच कट्ट्याचा हौद हवा. काठचे गवत ओले न घालता चांगले वाळवून घालावे.

हे दुखणे जनावरांपुरतेच, असेही समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांच्या लघवीतून रक्त जाणारा, गोगलगायींमार्फतच पसरणारा रोग १९५२ मध्ये नोंदला गेला होता.

पाणीवापर संस्थांनी मे महिन्यात चारी साफ करावी, पशुसंवर्धन विभागाने जंतनाशक शिबिरे त्यालाच जोडून घ्यावीत आणि पावसाळा सरल्यावर दुसरी मात्रा द्यावी, एवढी मागणी आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

– एक पशुपालक, ता. साक्री, जि. धुळे