साहेब, 'खालील' म्हणजे नक्की कुठे?

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार. खरं तर हे महसूल मंत्र्यांना लिहायला हवं, पण मला दगा दिला तो मराठीने, म्हणून तुम्हाला.

मुलीच्या फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवाय. पंधरा दिवसांत मिळणार होता, महिना उलटला. सोमवारी गेलो तर तिसऱ्या मजल्यावर बोर्ड, 'विलंब झाल्यास खालील अधिकाऱ्यांकडे अपील करावे'. मी गेलो की खाली! लिफ्ट बंद, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत, कठडा धरून एकेक पायरी. खाली वॉचमन म्हणतो, काका इथे कुठले अधिकारी, इथे पार्किंग आहे. परत वर. तेव्हा कळलं की 'खालील' म्हणजे बोर्डाखालची यादी, आणि त्या यादीवर कुणीतरी पतसंस्थेचं कॅलेंडर टांगलंय. अपिलाच्या अधिकाऱ्याच्या जागी संकष्टी चतुर्थी.

मग चार नंबरला गेलो तर काचेवर कागद, 'खिडकी बंद ठेवावी'. तासभर दुसऱ्या रांगेत उभा राहिलो. ते एसीसाठी होतं म्हणे! आणि शेजारी, 'कुणी पैसे मागितल्यास साहेबांना भेटावे'. माझ्या पुढचे एक आजोबा पाकीट काढूनच साहेबांच्या केबिनकडे निघाले, त्यांचं काय चुकलं सांगा. दारावर तर 'कामाशिवाय आत बसू नये'. आत डोकावलो, सात टेबलं, दोघं मोबाईलवर, एक बाई मटार सोलतायत. हा बोर्ड नेमका कुणासाठी हो?

राजभाषा कायदा 1964 चा, भाषा संचालनालय त्याच्याही आधीचं, 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे आम्हीही वाटले. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिकाऱ्यांची यादी फलकावर लावा असं आहे, आणि विनाकारण उशीर केला तर पाचशे ते पाच हजार दंड. कॅलेंडर टांगणाऱ्याला किती? माझे मात्र तीन हेलपाटे, रिक्षाचेच सहाशे, दोन हाफ डे कापले, गुडघा भोपळ्याएवढा. आणि त्या कायद्यात काम नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला म्हणायचं काय, तर 'पदनिर्देशित'. मला आधी वाटलं नाटकाचे दिग्दर्शक असतील. असं मराठी कोण बोलतं, तुम्ही घरी बोलता का?

नाव, मजला, खोली नंबर लिहा हो, बस. तुमच्या अभिजात भाषेत 'दुसरा मजला, खोली 7' बसत नाही का?

गुरुवारी परत जातोय. या वेळी कॅलेंडर उचलून बघणार, कुणी हटकलं तर तुमचं नाव सांगेन.

आपला,
गुडघ्याला बर्फ लावून बसलेला एक अर्जदार