निरोपाची तारीख आधी ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर नवरा-बायकोने मिळून परदेशात मिशनसेवेला जाण्याची इच्छा आपल्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत आता उघडपणे बोलली जाते. उमरी आणि कोठाऱ्याची इस्पितळे परक्या मुलखातून आलेल्यांनी उभी केली. पाळकांना शिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत यवतमाळातच होती. त्याच मातीतले निवृत्त गुरुजी आणि परिचारिका आता बाहेर निघू पाहतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण मंडळी निरोपाच्या उपासनेची तारीख आधी ठरवते आणि कागद नंतर गोळा करायला लागते. हे उलटे करा. कागदांना वर्षभर द्यावे लागते.

पहिली अडचण नावाची. शाळेच्या टीसीवर एक आडनाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरेच. बाईंची टीसी माहेरच्या नावाची आणि पेन्शनचा आदेश सासरच्या. असे असताना थेट पासपोर्टचा अर्ज भरला की तो अडकतो. नाव बदललेच असेल तर आधी राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, पॅन आणि पेन्शनची कागदपत्रे, आणि शेवटी पासपोर्ट, या क्रमाने जावे. चर्चमधल्या लग्नाच्या नोंदवहीचा प्रमाणित उतारा दोन प्रतींत काढून ठेवावा. पोलीस पडताळणीला शिपाई येतो त्या दिवशी दोघेही गावात हवेत. मुलाकडे पुण्याला गेलेले असलात तर प्रकरण लांबते.

व्हिसाबाबत कोणाचेही ऐकीव सांगणे मानू नका. पर्यटक व्हिसावर जाऊन मंडळीत शिकवले, तर परत पाठवले जाण्याची पाळी येते आणि ज्या संस्थेने बोलावले तीही अडचणीत येते. केनियात धार्मिक किंवा धर्मादाय कामाला वेगळा परवाना लागतो, आणि तो तिथल्या संस्थेनेच मागायचा असतो. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून ते सोपे वाटते. पण तिथल्या कायद्याने दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि शिक्षा भोगल्यावर परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. तिथे जायचे तर रुग्णसेवा किंवा शिकवणे एवढेच काम, आणि तेही त्यांच्या परवानगीने, हे निघण्याआधी कबूल असले पाहिजे.

आफ्रिकेच्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका वाढतो. त्यामुळे डॉक्टरांना सगळे आजार आणि चालू गोळ्या सांगून, लस घ्यावी की सूट मागावी हे ठरवा. दाखला नसताना अशा देशातून परत आलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या बाबतीत आपल्याकडे जुनी माणसे क्लोरोक्विन सुचवतात. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग उरलेला नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, मूळ पाकिटांतच ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथल्या दुकानदाराला कळत नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या सामानात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. मोतीबिंदू आणि दातांची कामे निघण्याच्या तीन महिने आधी उरका.

आता घरचे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचाच असतो. चुकला की पेन्शन थांबते. परदेशातून तो मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा भारतीय दूतावासातील अधिकाऱ्याच्या सहीने देता येतो. कोणता चालेल, हे बँकेला आणि कोषागाराला आधीच लेखी विचारून ठेवा. मुक्काम लांबला आणि कायद्याने अनिवासी ठरलात, तर बचत खात्याचा प्रकारही बदलावा लागतो. आधार आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर 90 दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो. तो गेला की ओटीपी गेला, आणि ओटीपीशिवाय पेन्शनचा पैसा हलत नाही. रिचार्ज कोण करणार, त्या माणसाचे नाव ठरवून जा.

शेत ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला देत असाल तर तोंडी व्यवहार नको. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, शेतात उभे राहूनच होते, नैरोबीत बसून होत नाही. ती राहिली की सातबाऱ्यावर पेरा लागत नाही आणि सरकारी खरेदीत तुमची तूर अडते. पुतण्याला मुखत्यारपत्र द्या, पण त्यात कामे मोजून लिहा. विक्रीचा अधिकार देऊ नका. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा. देवाने तिथेच बोलावले तर दफन कुठे, हेही दोघांनी मुलांसमोर बसून लिहून ठेवा. विमा घेताना देह परत आणण्याचा खर्च आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे स्वतः वाचा. मुळात या सगळ्या कागदांची जागा दोघांनाही माहीत हवी. फक्त दादांनाच सगळे ठाऊक असेल आणि तेच आजारी पडले, तर परमुलखात बाईंची दैना होते.

पोचल्यावर पहिला महिना काम मागू नका. टांझानियात लहान मुले म्हाताऱ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणतात, त्याला ‘मराहाबा’ असे उत्तर द्यायचे असते. ते येईपर्यंत प्रवचन थांबू शकते. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली हाताने खायला शिका. बाजार, पाणी आणि जवळचा दवाखाना पाहून घ्या. पाळकसाहेबांना आमची विनंती एवढीच, की परवान्याचा कागद हातात पडल्यावरच निरोपाच्या उपासनेची तारीख जाहीर करावी.

आपले,
एका ग्रामीण मंडळीच्या मिशन समितीचे सदस्य
ता. अचलपूर, जि. अमरावती