इंजिन बंद पडलं तर?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वर असताना इंजिन बंद पडलं तर?" मागून आईचा आवाज आला, "असलं अभद्र बोलू नका." आई, यात अभद्र काही नाही गं. इथे बारामतीत विमान चालवायला शिकवताना आमच्याकडून सगळ्यात जास्त घोटून घेतात ते हेच. म्हणून म्हटलं, सावकाश लिहूनच पाठवावं.

इंजिन थांबलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. त्याला पंख धरून ठेवतात आणि पंखांना लागतो वेग. आमचं सेसना १५२ दोघांचं, भरलेलं असलं तरी जास्तीत जास्त ७५७ किलो. नाक थोडं खाली करून वेग ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर, राखला की ते तरंगत उतरतं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असलं आणि वारा नसला, तर आठेक किलोमीटर जातं. मोपाच्या विमानतळापासून आपल्या पेडण्याच्या बाजारापर्यंत सरळ रेषेत साधारण एवढंच अंतर आहे. हातात चार मिनिटं मिळतात, आणि शिकलेल्या माणसाला चार मिनिटं पुष्कळ होतात.

शिकवणारे सर उजवीकडे बसतात, त्यांच्या पुढ्यातही तेच सगळे कंट्रोल. न सांगता थ्रॉटल मागे ओढून इंजिनाची ताकद कमी करतात आणि विचारतात, "कुठे उतरणार?" आधी वेग, मग शेत, मग वाऱ्याची दिशा. वेळ उरला तर कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा), इंधनाचा व्हॉल्व्ह, ठिणगी देणारे मॅग्नेटो बघून इंजिन परत चालू होतं का, ते पाहायचं. जमीन फार जवळ यायच्या आत पॉवर देऊन आम्ही पुन्हा वर चढतो.

शेत निवडणं तुम्हाला आवडेल, बाबा. ऊस वरून छान सपाट दिसतो, पण उंच पिकात चाकं अडकतात, म्हणून तो नको. कापणी झालेलं रान उत्तम. नांगरलेलं असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेनेच उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. आपल्याकडची शेतं लहान, जागोजागी मेरा, त्यामुळे तिथे मी सड्यावरची मोकळी जागा नाहीतर ओहोटीच्या वेळची केरीच्या किनाऱ्यावरची ओली वाळू बघितली असती.

मुळात ती पाळीच येऊ नये, याची काळजी जमिनीवरच घेतात. रोज उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन छोट्या पारदर्शक नळीत काढून उजेडात धरते. इंधन निळसर असतं. पाणी असेल तर खाली वेगळा थेंब दिसतो. पावसाळ्यात मी हे दोनदा करते. इंजिनाला मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लगही दोन, म्हणजे एक गेला तरी दुसरा चालवतो. दोन्ही एकेक करून तपासल्याशिवाय धावपट्टीवर जायचंच नाही.

आई, तुला भीती वाटते, ती मी घालवू शकत नाही. पण मी निष्काळजी नाही, एवढं मनात धर.

चवथीला सुटी मिळाली आहे, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला मी असेन. बाबा, सोबत चेकलिस्टची प्रत पाठवते आहे. मी आल्यावर तुम्ही कुठूनही विचारा, मी न बघता उत्तरं देते. गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील तर आधी कळवा, येताना घेऊन येईन.

तुमची,
बाय