'उद्या येणार ना?'

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या अनाथाश्रमात दोन महिने सेवा करून आलेल्या तरुणाचा अनुभव वाचला. निघताना मुलं गळ्यात पडून रडली, हे वाचून मी थबकले. 2019 साली काठमांडूहून मीही अशीच रडत आले होते.

आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी कुठे कुठे पोचलीत, हे आपण जाणताच. माझ्या धाकट्या दिरांचं दुकान काठमांडूत. निवृत्तीनंतर दीड महिना त्यांच्याकडे राहिले आणि रिकामं बसवेना म्हणून जवळच्या एका बालगृहात जाऊ लागले. गोऱ्या पाहुण्यांकडून तिथे आठवड्याला पैसे घेत. माझं तांदळाच्या पोत्यावर भागलं. मी कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. शाळेत शिपाई नेमताना यापेक्षा जास्त चौकशी होते!

पहिल्याच दिवशी सहा वर्षांचा एक मुलगा मांडीवर येऊन बसला. माझा पदर बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. मी उठले की विचारायचा, 'भोलि आउनुहुन्छ?' उद्या येणार ना? मला वाटलं, काय जीव लावलाय पोरानं! चौथ्या आठवड्यात जर्मनीची एक मुलगी आली. दहा मिनिटांत तो तिच्या मांडीवर, तिच्या ओढणीचं टोक बोटाला आणि प्रश्न तोच. मी पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय. घरी माया मिळणारं मूल नव्या बाईंना बघून आधी आईच्या मागे लपतं. हा कुणालाच बुजत नव्हता.

एकदा बोलता बोलता तो म्हणाला, आमा फापराची रोटी करते. 'करायची' नाही, 'करते'. मास्तरणीचा कान, काळ लगेच टोचला. म्हणजे त्याची आई होती. दूर, नेपाळच्या हुमला जिल्ह्याच्या डोंगरात.

दिरांच्या ओळखीतल्यांनी मग उलगडून सांगितलं. 1996 ते 2006 च्या माओवादी संघर्षात दलालांनी 'शिकवतो' म्हणत हुमलासारख्या भागातून मुलं आणली आणि कागदावर अनाथ केली. तो धंदा पुढेही थांबला नाही. तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्याच वाटेवर आहेत. 2015 च्या भूकंपानंतर तर पालकांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला सरकारला बंदी घालावी लागली. आम्ही पाहुणे येतो म्हणून मुलं आणली जातात, हे पचायला मला फार दिवस लागले.

साताऱ्यात कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहातली पोरंही घरापासून लांबच होती. पण त्यांची गावं, आईबाप सगळ्यांना ठाऊक होते आणि मंगळसूत्र विकून त्यांना जेवू घालणाऱ्या लक्ष्मीबाई दीड महिन्यात परतीच्या गाडीत बसल्या नाहीत.

आपल्याकडेही वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात जायची आणि फोटो टाकायची टूम निघाली आहे. त्याऐवजी गल्लीत बाप गेलेलं एखादं पोर असेल, तर त्याच्या आईला शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. महिन्याला 2250 रुपये मिळतात, मूल घरीच राहतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेजारी ही माहिती चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विटा, जि. सांगली