नीरालाच्या खड्ड्यातला हिवाळा

कुओपिओ, दि. १७ मे २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र हाती पडून महिना उलटला, आणि उत्तराला एवढा उशीर आजवर कधी केला नव्हता, याची मला जाणीव आहे. पण पत्र आले तेव्हा इथे आइस हॉकीच्या अंतिम फेरीचे वारे सुरू झाले होते आणि संध्याकाळी टेबलाशी बसून चार ओळी लिहाव्यात इतके मन थाऱ्यावर नव्हते. तू विचारले होतेस, सव्वा लाख वस्तीच्या गावाला पगारी खेळाडूंचा संघ पोसता येतो तरी कसा, आणि मी त्यात एवढा गुंतलो तो कशामुळे. आपले कबड्डी मंडळ तू गेली इतकी वर्षे पदरमोड करून चालवतो आहेस, त्यामुळे पहिला प्रश्न तू उगाच विचारलेला नाहीस हे मला कळते. आता हंगाम संपला आहे, काल्लावेसी सरोवरावरचे बर्फ विरघळून पाणी मोकळे झाले आहे, तेव्हा सगळे सविस्तर लिहितो.

आधी निकाल सांगतो, कारण तो सांगितल्यावाचून मला पुढे लिहिताच येणार नाही. फिनलंडच्या सर्वोच्च आइस हॉकी स्पर्धेचे, म्हणजे लीगाचे, २०२४-२५ चे विजेतेपद आमच्या कालपाने जिंकले. क्लबच्या इतिहासातले हे पहिलेच. १९९१ मध्ये तुर्कूच्या टीपीएसपुढे आणि २०१७ मध्ये ताम्पेरेच्या ताप्पारापुढे अंतिम फेरीत हार पत्करावी लागली होती, आणि त्या दोन्ही वर्षांचा सल इथले लोक घरातल्या जुन्या दुखण्यासारखा जपून होते. २०१८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या दावोसचा स्पेंगलर चषक जिंकला, तो आनंद मोठाच होता. पण परक्या गावच्या चषकाने घरची भूक भागत नाही.

हंगाम केवढा लांबलचक असतो ते तुला आधी सांगायला हवे. सप्टेंबरात झाडांची पाने पिवळी पडू लागली की पहिला सामना होतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ साठ साखळी सामने खेळतो. यंदा एस्पोचा संघ आल्याने सोळा संघ झाले. ठरलेल्या वेळेत जिंकल्यास तीन गुण, ज्यादा वेळेत किंवा पेनल्टी शॉट्सवर जिंकल्यास दोन, आणि तिथवर झुंजून हरणाऱ्यालाही एक. हा एक गुण मला फार न्याय्य वाटतो. मार्चमध्ये गुणतक्ता पाहताना ध्यानात येते की नोव्हेंबरातल्या एखाद्या रटाळ मंगळवारी बरोबरी करून मिळवलेल्या त्या एका गुणाने संघ दोन जागा वर चढलेला आहे.

या साठ सामन्यांचे मोल इथल्या अंधाराशिवाय समजणार नाही. डिसेंबरात साडेनऊ वाजून गेल्यावर उजाडते आणि दुपारी तीनच्या आत दिवस मावळतो. पहिल्या वर्षी मी विद्यापीठातून खोलीवर येऊन दिवा लावायचा आणि तसाच बसून राहायचा. तुला तेव्हा लिहिलेली पत्रे आठवत असतील. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजोबांनी दार वाजवून, फारसे न बोलता, हातात एक तिकीट ठेवले. त्या दिवसापासून माझा हिवाळा सामन्यांच्या वेळापत्रकाने मोजला जाऊ लागला.

आमच्या बर्फगृहाचे फलकावरचे नाव ओल्वी अरेना, इथून जवळच्या ईसाल्मी गावच्या एका जुन्या पेय कंपनीवरून पडलेले. पण लोक त्याला ‘नीरालान मोन्तू’ म्हणतात, म्हणजे नीराला भागातला खड्डा. पाचेक हजार माणसे मावतील एवढेच ते आहे. ताम्पेरेला २०२१ मध्ये उघडलेले नोकिया अरेना त्याच्या दुपटीहून मोठे आणि झगमगीत. तिथे ताप्पारा आणि इल्वेस असे एकाच शहराचे दोन संघ खेळतात, आणि यंदापूर्वीची सलग तीन विजेतेपदे ताप्पाराचीच होती. आमच्या खड्ड्यात मात्र बसायच्या बाकापासून काचेपर्यंतचे अंतर इतके थोडे की खेळाडूचा श्वास दिसतो.

तुला एक क्षण जवळून दाखवतो. मध्यंतरात सगळे गाव कॉफी आणि भाजलेले सॉसेज घेऊन उभे असते, आणि खाली बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र संथपणे फिरत बर्फावर पाण्याचा पातळ थर सोडत असते. यंत्र आत गेले की बर्फ काही काळ ओल्या पाटीसारखे काळपट चकाकते, मग हळूहळू पांढुरके होते. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, सामन्याआधी गोठवून ठेवलेली असते, कारण ऊबदार रबर उसळ्या मारते. ती खेळात आली आणि पहिला खेळाडू वळला की स्केटच्या पात्याचा खर्र असा आवाज होतो आणि बर्फाचा भुगा काचेवर उडतो. पाच जणांची फळी पाऊण मिनिटभर जीव तोडून धावते आणि लगेच कठड्यावरून आत येते. दुसरी फळी तिच्या जागी उडी घेते, खेळ क्षणभरही न थांबता. मला त्यात आपल्या शाळेतल्या खो-खोची आठवण झाली. पाठीवर थाप पडताच उठणारा तो गडी आणि कठड्यावरून उडी घेणारा हा पोरगा, दोघांच्या शरीरात तोच ताण असतो.

आणखी एक रीत मला फार आवडते. प्रत्येक संघात ज्याचे गोल आणि गोलसाहाय्य मिळून सर्वाधिक गुण झाले असतील, तो सोनेरी शिरस्त्राण घालून खेळतो. तेव्हा नवख्या माणसालाही पहिल्या मिनिटात कळते की नजर कोणावर ठेवायची. आणि विरुद्ध संघाच्या बचावपटूंनाही ते कळतेच, त्यामुळे तो मान सांभाळताना धक्केही जास्त खावे लागतात.

आता शेजारच्या आजोबांविषयी, कारण माझ्या गुंतण्याचे खरे मूळ तिथे आहे. कालपा म्हणजे कालेवान पाल्लो. हा क्लब मुळात कुओपिओचा नव्हेच. १९२९ साली तो लाडोगा सरोवराकाठच्या सोर्तावाला गावी स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा तो भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांवर माणसे घरेदारे सोडून पश्चिमेकडे आली, आणि त्यांच्याबरोबर हा क्लबही आला व इथे रुजला. आजोबांच्या आई त्या लोंढ्यात सोर्तावालाहून आल्या होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात त्या गावाचा एक रस्ता दाखवणारे छोटे छायाचित्र आहे, ज्यात हॉकीचे काहीही नाही. मी एकदा विचारले की तुम्ही प्रत्येक सामन्याला का जाता, तेव्हा ते त्या छायाचित्राकडे बोट दाखवून म्हणाले, ‘तिथून आलेल्यातले एवढेच अजून चालू आहे.’ ज्या क्लबने आपले गाव गमावले, त्याला दुसऱ्या गावाने आपले मानले आणि अखेर चषक मिळवून दिला, ही गोष्ट कळल्यानंतर मला तिऱ्हाइतासारखे बाकावर बसता येईना.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला जेवढे दिसले तेवढेच देतो. हंगामभराची तिकिटे कुटुंबेच्या कुटुंबे घेतात, जर्सीवर आणि बर्फावरसुद्धा इंचन् इंच जाहिराती असतात, आणि याच मातीतून वर गेलेले खेळाडू परत येऊन पैसा व वेळ घालतात. सामी कापानेन आणि किम्मो तिमोनेन हे दोघेही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी स्पर्धेत वर्षानुवर्षे खेळून आले. तिमोनेनने २०१५ मध्ये शिकागोकडून त्या स्पर्धेचा स्टॅनली चषक जिंकूनच निवृत्ती घेतली, आणि कापानेनने तर या क्लबची मालकी घेतली, संघाला प्रशिक्षणही दिले. पण याहून महत्त्वाचे मला वाटते ते ‘तालकोत’, म्हणजे गावाने मिळून बिनमोबदला करायचे काम. मुलांच्या संघांना सकाळी अंधारात सरावाला पोहोचवणे, पात्यांना धार लावणे, स्पर्धेच्या दिवशी कॉफी विकणे, हे सारे आईबाप करतात. तरीही साहित्याचा आणि बर्फाच्या वेळेचा खर्च भारी आहे आणि काही मुले त्यापायी खेळ सोडतात. ही गोष्ट मला खुपते, आणि पालकांशी बोलताना मी ती बोलूनही दाखवतो. तुझ्या मंडळात पोराला चड्डी-बनियनवर उतरता येते, ते फार मोठे धन आहे.

बाद फेरीत नियम सोपा आहे: वरचे संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात, मधल्यांना आधी एक छोटी फेरी खेळावी लागते. तिला लोक ‘सॅलिप्लेयारित’, म्हणजे दया दाखवून दिलेले प्लेऑफ, म्हणतात. उपांत्यपूर्व फेरीपासून मात्र चार सामने जिंकेल तो पुढे. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दिवसाआड पुन्हा पुन्हा गाठ पडत असल्याने तिसऱ्या सामन्यापर्यंत प्रत्येक खेळाडूला समोरच्याची प्रत्येक खोड पाठ झालेली असते, आणि मग केवळ दमसास उरतो.

यंदा अंतिम फेरीत आमच्यासमोर लाप्पेएनरांताचा साइपा होता. हे सत्तर-बहात्तर हजार वस्तीचे, रशियाच्या सीमेलगतचे गाव. यंदापूर्वीचे त्यांचे एकमेव पदक १९६६ चे, तेही कांस्य. त्यानंतर कितीतरी वर्षे तक्त्याच्या तळाशी. २०२३ च्या अखेरीस सीमा बंद झाल्यापासून तिकडची दुकाने ओस पडली आहेत, आणि अशा वर्षी त्यांचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. दोघांचेही रंग पिवळे-काळे, दोघेही पूर्वेकडचे, दोघांपैकी कुणीही कधीच विजेता न झालेला. मी मनापासून कालपाचा असूनही साइपाचे खेळाडू अखेरीस बर्फावर गुडघे टेकून बसलेले पाहिले तेव्हा मला आनंद पुरता साजरा करता आला नाही.

तो शेवटचा सामना मी आजोबांच्या घरी दूरदर्शनवर पाहिला. त्यांचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. राय पिठाच्या पोळीत मासे भरून भाजलेला कालाकुक्को त्यांनी मधोमध ठेवला होता, पण कुणी त्याला हात लावला नाही. भोंगा झाला, खेळाडूंनी हातमोजे हवेत फेकले, आणि कॅनडातल्या फिनी लोकांनी दिलेला तो जुना ‘कानादा-माल्या’ चषक उंचावला गेला. आजोबा उठले, त्यांनी भिंतीवरचे छायाचित्र काढून मांडीवर घेतले आणि पुढचा अर्धा तास ते तसेच बसून पाहत राहिले. मी कालाकुक्को कापून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि घरी आलो.

या पत्रासोबत पिवळा-काळा मफलर पाठवतो आहे. तुमच्याकडे तो गळ्यात घालायची वेळ येणार नाही, तेव्हा मंडळाच्या कपाटाला बांध. पहिला सामना सप्टेंबरात आहे. पावसाळी स्पर्धा उरकून तुला दोन आठवडे निघता आले तर आत्ताच कळव, म्हणजे आजोबांच्या शेजारची जागा धरून ठेवतो.

तुझा मित्र