अपघात झाला की आधी फोन, मग क्रेन

सर्व गाडीमालक सभासदांसाठी सूचना.

गेल्या महिन्यात आपल्या एका सभासदाची गाडी खंबाटकी घाटात कठड्याला घासली. ड्रायव्हरने घाईघाईत क्रेन बोलावली, गॅरेजवाल्याने केबिन उघडूनही टाकली, आणि विमा कंपनीला कळवलं चौथ्या दिवशी. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) आला तेव्हा बघायला उरलं होतं काय? क्लेम अजून लटकलेला आहे.

म्हणून, जखमींना दवाखान्यात पोहोचवल्यावर लगेच पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. नंबरप्लेट, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, समोरची गाडी, सगळं दिसू द्या. जागेवरच्या सर्व्हेची विचारणा करा. बिल्टी (मालाची वाहतूक पावती) आणि काटापावती (वजनकाट्याची पावती) जपा, कारण ओव्हरलोडचा प्रश्न हमखास निघतो.

फिटनेस, परमिट आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत आजच बघा. मालासकट एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेल्या मालगाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय. मोठ्या गाडीला नाही.

तिसऱ्या पक्षाचा (अपघातात नुकसान झालेल्या बाहेरच्या माणसाचा) दावा अपघातापासून 6 महिन्यांत दाखल होऊ शकतो. असे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची नोटीस आली तर डॅशबोर्डवर टाकून ठेवू नका (असे महाभाग आहेत आपल्यात), लगेच कंपनीला पोहोचवा, पोच घ्या.