पाण्याला वाट ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं, फोटो मोठे करकरून पाहिले. तू घेतलेली जुनी इलेक्ट्रिक सायकल वाईट नाही. फ्रेम सरळ आहे, मोटर मागच्या चाकात आहे, बॅटरी ३६ व्होल्टची. शेवटी तू लिहिलंयस, 'आता ४८ व्होल्टची बॅटरी टाकली की पळेल बघ.' लेका, जरा थांब. त्या एका ओळीपायी हे पत्र लिहायला बसलोय.

लिथियमच्या एका सेलचा कागदावरचा दाब ३.६ व्होल्ट, पण पूर्ण भरला की तो ४.२ होतो. तुझ्या बॅटरीत असे १० सेल ओळीने जोडलेत, म्हणजे भरल्यावर ४२. आणि ४८ व्होल्टच्या बॅटरीत सहसा १३ असतात, म्हणजे भरल्यावर ५४.६. आता बॅटरी काढून बाजूला ठेव आणि कंट्रोलरचा, म्हणजे बॅटरीची वीज मोजूनमापून मोटरला देणाऱ्या यंत्राचा, डबा उघड. आत वीज क्षणभर साठवणारे गोल, उभे कपॅसिटर दिसतील. त्यांना जास्तीत जास्त किती व्होल्ट झेपतात तो आकडा त्यांच्या अंगावर छापलेला असतो. ३६च्या कंट्रोलरमध्ये पुष्कळदा ५० व्होल्टचे बसवलेले असतात. मग ५४.६ जोडल्यावर काय होईल, ते तुला सांगायला नको. ६३चे निघाले तरी हुरळून जाऊ नकोस. बॅटरी उतरल्यावर वीज तोडायचा कंट्रोलरचा आकडा ३६च्या हिशेबाने ठरलेला असतो, मोटरमध्ये नायलॉनचे गिअर असतील तर ते आधीच जुने, आणि ब्रेक तर फोटोतच घासलेले दिसतायत. ज्या सायकलीला थांबता येत नाही तिला पळवायची घाई कशाला?

खर्च करायचाच तर ब्रेक पॅड, केबल आणि जाड टायरवर कर. या सायकली साध्या सायकलीपेक्षा बऱ्याच जड असतात. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच लिव्हरमध्ये आहे का, तेही बघ. नसेल तर तो आधी बसव.

चाकाच्या एक्सलकडेही नीट बघ. त्याच्या दोन बाजू चपट्या असतात, त्या फ्रेमच्या खाचेत अडकतात. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सल उलटा फिरू पाहतो. नट सैल असला, खाच अॅल्युमिनियमची असली, तर ती हळूहळू रुंदावते आणि एक दिवस एक्सल गर्रकन फिरून आतून आलेली केबल पिळून टाकतो. टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी मिळते, ती बसव.

बॅटरी जुनी आहे, तेव्हा तिची परीक्षा घे. पूर्ण चार्ज करून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लाव. ४२च्या आसपास दाखवायला हवं. चार्जरचा दिवा हिरवा झाला तरी चाळिसाच्या जवळ अडकली असेल, तर आतल्या सेलचा एखादा गट मागे पडलाय असं समज. मग चढावर पूर्ण जोर देऊन आकडा बघ. दोन-तीन व्होल्ट उतरले तर चालतं. सात-आठ उतरत असतील तर सेल थकलेत. फुगलेली दिसली, जास्त तापली, वास आला, तर उघडायच्या फंदात पडू नकोस आणि पुन्हा चार्जलाही लावू नकोस. चार्जर त्याच व्होल्टचा वापर, आणि झोपताना लावून ठेवू नकोस.

आता पाणी. या विषयात मी फी भरून शिकलोय.

माझी सायकल घेतली तेव्हा कंट्रोलर सीटखाली एका कापडी पिशवीत लोंबत होता. मी मोठ्या हुशारीने प्लास्टिकचा डबा आणला, कंट्रोलर आत ठेवला आणि सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. बाथरूमच्या फटी भरायला वापरतात तेच सिलिकॉन. भरताना व्हिनेगरसारखा उग्र वास येत होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्या दोन पावसांत मी मिशीला पीळ देत फिरलो. तिसऱ्या महिन्यात मोटर आचके द्यायला लागली. डबा फोडला तर झाकणाला आतून थेंब लगडलेले, आणि तारांची टोकं कल्हई उडालेल्या भांड्यासारखी कळकलेली, हिरवीगार.

दोन चुका होत्या. एक, तो वास अॅसेटिक आम्लाचा. तसलं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि ते तांबं खातं. तारांजवळ लावायचं ते 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्यावं. दुसरी चूक मोठी. कंट्रोलर चालताना तापतो, आतली हवा फुगून बारीक फटीतून बाहेर जाते. थंड झाला की तोच डबा बाहेरची दमट हवा, कधी पाणीसुद्धा, आत ओढतो. तारेच्या आवरणातूनही पाणी झिरपत येतं. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला मीच जागा ठेवली नव्हती.

त्यानंतर नव्या डब्याला मी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ४ मिलिमीटरचं भोक पाडलं. एवढा खटाटोप करून आणलेल्या डब्याला ड्रिल लावताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. पण तेव्हापासून आत थेंब दिसलेला नाही. तारा डब्याच्या तळातून घेतल्या, वरून नाही.

मोटरच्या केबललाही हेच लागू. ती पोकळ एक्सलमधून आत जाते, आणि केबल वरून सरळ उतरत आली तर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट मोटरमध्ये. तिला उकार दे. अक्षराखाली उकार लोंबतो तशी ती एक्सलच्या खाली उतरू दे आणि मग वर वळून आत जाऊ दे. थेंब खालच्या टोकाला येऊन गळून पडतो.

कनेक्टर उघडून आतल्या पिना बघ. तीन जाड तारा मोटरच्या, त्या सहसा त्रास देत नाहीत. त्रास देतात त्या पाच बारीक. मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या या तारांत जेमतेम ५ व्होल्ट असतात, आणि ओलाव्याने संदेश बिघडला की मोटर जागच्या जागी थरथरते. तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस लाव. ते वीज वाहून नेत नाही, पण पिना एकमेकींवर घासतात तिथून ते बाजूला सरतं आणि उरलेल्या जागेत पाण्याला शिरू देत नाही. त्यावर हीटश्रिंक नळी चढव, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी, आतून गोंद असलेली. काळी चिकटपट्टी मात्र गुंडाळू नकोस. चिकट राड होते आणि आत पाणी धरून ठेवते.

आणि मडगार्ड! सायकल भिजते ती आभाळापेक्षा चाकाने. पुढच्या मडगार्डला खाली रबराचा लांब पडदा लाव, बॅटरीवर उडणारा निम्मा चिखल तिथेच अडेल. धुताना फडकं आणि बादली. डिस्प्लेवर 'आयपीएक्स ४' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शिंतोडे चालतील एवढाच. दाबाच्या पाण्याचा फवारा चालत नाही.

कपॅसिटरवरचा आकडा वाचून फोटो पाठव, मग ४८चं बोलू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच

ता. क. बॅटरी जोडताना कनेक्टरमध्ये 'चट्' करून ठिणगी उडाली तर घाबरू नकोस. रिकामे कपॅसिटर एका झटक्यात भरतात त्याची ती ठिणगी. पण रोज उडाली तर पिना काळ्या पडतात. तुझ्या पडल्याच असतील, त्याही बघून ठेव.